कळंब्याच्या काठावरचा लाल चतुर नक्की कोणता?

पंचगंगाकाठ:
मंडळी, पावसानं उघडीप दिली की मी कोल्हापूरच्या कळंबा तलावावर जातोय, गवताच्या काड्यांवर लाल चतुर (ड्रॅगनफ्लाय) लै दिसाय लागलेत. लेन्स ७०-३०० मिमीची आहे. जवळ गेलं की उडतोय, आणि फोटो मिळाला तरी नेटवर तीन-चार जाती सारख्याच लाल दिसतात. मला स्कार्लेट स्किमर वाटतोय, मित्र म्हणतो क्रिमझन मार्श ग्लायडर. ओळखायचं कसं? आणि शेजारी पिवळा बसतो तो वेगळा का?

गवतातला_कॅमेरा:
भावा, रंगावर जाऊ नका, पंख बघा. क्रिमझनच्या पंखातल्या शिरासुद्धा लाल असतात, पाय काळे, अंग गुलाबीकडे झुकणारं. स्कार्लेटचे पंख स्वच्छ, फक्त मुळाशी थोडा पिवळसर डाग, आणि शेपटीवर मधोमध बारीक काळी रेघ. तिसरा डिच ज्वेल, आकारानं लहान, त्याचे पंख मुळापासून बऱ्याच पुढपर्यंत नारिंगी. तो सांडपाण्यातही वाढतो म्हणून शहरातल्या तळ्यांवर हमखास असतो. पिवळा म्हणजे बहुतेक मादी नाहीतर कोवळा नर, नर मोठा झाला की लाल होतो. म्हणून एकाच फोटोवर नाव ठरवू नका, एक वरून आणि एक बाजूनं, पाय दिसतील असा काढा.

तळ्यावरची_ताई:
उडाला तर मागं लागू नका, तिथंच खाली बसून रहा, बऱ्याच वेळा तो फिरून त्याच काडीवर येतो. आपली सावली त्याच्यावर पडली की गेलाच. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा, फोकस डोळ्यावर, आणि कॅमेरा पंखांना समांतर धरला तर शिरा पूर्ण शार्प येतात, ओळखायला त्याच लागतात. सकाळी लवकर जा, अंग तापायच्या आधी तो सुस्त असतो. दुपारी शेपटी आभाळाकडे उभी करून बसतो ना, ते ऊन कमी लागावं म्हणून, तो फोटो मला फार आवडतो पण शेपटीवरची रेघ त्यात दिसत नाही.

पंचगंगाकाठ:
ताई, दादा, खूप आभार! आत्ता झूम करून बघितलं, शिरा लाल नाहीत आणि काळी रेघ स्पष्ट आहे, म्हणजे स्कार्लेटच. आता अजून एक, आमच्या घराच्या दगडी कंपाउंडला करडा ठिपक्याठिपक्यांचा चतुर चिकटून बसतो, तो?

गवतातला_कॅमेरा:
ग्रॅनाइट घोस्ट असणार. पंखाच्या टोकाजवळचा ठिपका बघा, मधे काळा आणि दोन्ही कडांना पांढरा असेल तर पक्का. सिमेंटच्या टाकीत साचलेल्या पावसाच्या पाण्यातही अंडी घालतो, घरात तशी टाकी असेल तर धुवायच्या आधी आत पिल्लं आहेत का बघा.