मदत हवी आहे: गाडी अन सामान घेऊन बॉर्डर पार करायची आहे, अर्जंट

वावरवाला:
नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ कायमचा शिफ्ट होऊन रायला. स्वतःची गाडी अन भाड्याच्या ट्रकमध्ये घरचं सगळं सामान, बायको अन दोन वर्षाची पोट्टी संगं आहे. बॉर्डरवर गाडीचे कोणते कागद पाहतात, सामानाची लिस्ट द्या लागते का, अन सोन्यावर टॅक्स लागते का एवढंच सांगा. रविवारी निघून रायला अन आज मंगळवार आहे. ज्यानं स्वतः केलं असन त्यानंच सांगा, उगाच ऐकीव नको. आमच्याकडं लाइन रातची असते, पाण्याची मोटार चालू करून बसलो की वाचतो.

पांढरकवडा_पॅसेंजर:
सोपं आहे भाऊ, टेन्शन नका घेऊ. जिथं गाडी पासिंग झाली त्या आरटीओतून एनओसी घ्या, फॉर्म २८. गाडीवर चलान बाकी असन तर आधी भरा, नाही तर फाइल तिथंच अडकते. पिंपळखुटीच्या नाक्यावर खाजगी गाडीले सहसा कोणी विचारत नाही पण ट्रक थांबवतात, म्हणून ट्रकवाल्याजवळ सामानाची यादी अन घर बदलल्याचं एक साधं पत्र ठेवा. बारा महिन्याच्या वर तिकडं गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्याच लागते, अन मंग इकडचा उरलेला रोड टॅक्स परत मागता येते. मी आदिलाबादले होतो तेव्हा हेच केलं.

बीएच_सिरीज_झिंदाबाद:
एनओसीच्या भानगडीत पडूच नका. २०२१ पासून बीएच म्हणजे भारत सिरीजचा नंबर मिळते, चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या कंपनीत नोकरी असन तर घेता येते. एकदा घेतला की भारतभर फिरा.

पांढरकवडा_पॅसेंजर:
रविवारी निघून रायला तो माणूस, अन तुम्ही त्याले बीएच नंबर काढाले सांगता. वा.

वावरवाला:
अजी कुठचं आदिलाबाद अन कुठचं काय. भाऊ अमेरिकेत आहे, डेट्रॉइटच्या बाजूले. कॅनडात जाऊन रायला. मले वाटलं इमिग्रेशनचा विषय म्हटल्यावर समजन.

संत्राबर्फी:
तुमच्या पोस्टमध्ये इमिग्रेशन हा शब्दच नाही, वरतून पुन्हा वाचा. मोर्शी-वरुडकडचा माणूस बॉर्डर म्हणते तेव्हा आमच्या डोळ्यासमोर पांढुर्णा येते बाप्पा, कॅनडा नाही येत.

थंडीतला_वऱ्हाडी:
मी ऑन्टारिओत असतो, मूळचा दारव्ह्याचा. दोन वर्षांपूर्वी मिशिगनमधूनच आलो, गाडी घेऊन. आधी हे सांगा, नाही तर जे लिहीन ते फुकट जाईल. तो पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवानगीवर येतोय, की वर्क परमिटवर? गाडी कोणत्या सालची? गाडीवर लोन आहे, लीज आहे, की टायटल म्हणजे मालकीचा कागद त्याच्या हातात आहे? आणि कोणत्या पुलावरून जाणार?

वावरवाला:
पीआर. गाडी २०१९ ची. पूल मले काय माहीत, डेट्रॉइटवरून जाते तोच. लोनचं विचारतो, तिकडं आता रात्र आहे. पण कॅनडात शिरतानाचं सांगा ना, अमेरिकेतून निघाले काय लागणार आहे?

थंडीतला_वऱ्हाडी:
तिथेच तर सगळे फसतात. अमेरिकेतून निघताना गाडी ही एक्स्पोर्ट असते. अमेरिकन कस्टम्सला निदान ७२ तास आधी गाडीचे कागद द्यावे लागतात, ओरिजिनल टायटल आणि कॉप्या, आणि निघायच्या दिवशी गाडी त्यांना दाखवून शिक्का घ्यायचा. त्याच्याही आधी एक्स्पोर्ट नोंदवायच्या एईएस नावाच्या सिस्टिममध्ये फाइलिंग करून आयटीएन म्हणजे त्या फाइलिंगचा नंबर मिळवावा लागतो, जुन्या गाडीला किंमत कितीही कमी असली तरी. त्यात सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही, ईआयएन नावाचा टॅक्स नंबर लागतो, तो आयआरएस म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याच्या साइटवर फुकट मिळतो. हे जमत नसेल तर फाइलिंग करून देणारे एजंट आहेत.

आता मोजा. आज मंगळवार. उद्या कागद दिले तरी शनिवार उजाडेल, आणि गाड्या एक्स्पोर्ट करायचं ऑफिस बऱ्याच ठिकाणी शनिवार-रविवार बंद असतं. रविवार विसरा. सोमवार सकाळ धरा, आणि त्या पुलाच्या ऑफिसला आजच फोन करून वेळ आणि पद्धत विचारा, कारण कोणी ईमेलवर कागद घेतं, कोणी हातात मागतं.

वावरवाला:
सोमवार कसा जमन. ट्रक रविवारचा बुक आहे अन घराची चावी पण रविवारीच द्या लागते.

थंडीतला_वऱ्हाडी:
ट्रक एक दिवस वाढवा आणि रात्र कोणाकडे तरी काढा. माझ्या ओळखीचं एक जोडपं असंच शनिवारी गेलं होतं, शिक्क्याशिवाय. कॅनडाच्या बाजूला गाडीची इम्पोर्ट प्रोसेस पुढे नेताना अमेरिकन एक्स्पोर्टचा पुरावा मागितला आणि मग त्यांना गाडी घेऊन परत फिरावं लागलं, पोरं मागच्या सीटवर रडताहेत, ट्रकचं भाडं चालू. ते नको असेल तर सोमवार.

नागपुरी_तर्री:
एवढा ताप कशाले घेता. गाडी विका तिकडंच अन कॅनडात दुसरी घ्या. माझ्या साळ्यानं तेच केलं, सुखात आहे.

थंडीतला_वऱ्हाडी:
तुमचा साळा नवीन गाडी कोणत्या क्रेडिट हिस्ट्रीवर घेऊन बसला ते पण विचारा. अमेरिकेतला स्कोर कॅनडात सगळीकडे धरत नाहीत. २०१९ ची गाडी चांगली चालत असेल तर न्यावीच. सेटलर म्हणजे कायमचं राहायला येणारा म्हणून पहिल्यांदा येताना आधीपासून स्वतःच्या नावावर असलेली, वापरलेली गाडी ड्युटीशिवाय येते. फक्त बारा महिन्यांच्या आत विकली किंवा कोणाला दिली तर ड्युटी भरावी लागते.

नागपुरी_तर्री:
फुकट नाही येत, तिकडं आरआयव्हीची फी आहे ना. ते नाही सांगितलं तुम्ही.

थंडीतला_वऱ्हाडी:
सांगतच होतो. पंधरा वर्षांच्या आतली गाडी असेल तर आरआयव्ही म्हणजे रजिस्ट्रार ऑफ इम्पोर्टेड व्हेइकल्स लागू होतं, फी ३२५ कॅनेडियन डॉलर आणि वर टॅक्स. त्यानंतर ४५ दिवसांत इन्स्पेक्शन करून घ्यायचं. आधी ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या यादीत त्या मॉडेलचं नाव शोधा, कारण काही मॉडेल येऊच देत नाहीत, काहींना बदल करावे लागतात. दिवसा आपोआप लागणारे दिवे आणि २००७ च्या सप्टेंबरनंतरच्या गाड्यांना इमोबिलायझर (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी चोरीविरोधी सोय) हे दोन विषय जास्त अडतात. साध्या किल्लीने चालू होणारं बेस मॉडेल असेल तर नीट बघा. आणि रिकॉल, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेलं काम, बाकी नाही असं कंपनीचं पत्र आधीच मागवून ठेवा, त्याला वेळ लागतो.

मोहाचं_झाड:
पोट्टी दोन वर्षाची आहे म्हणून सांगते. अमेरिकेत घेतलेली कार सीट कॅनडात चालत नाही. तिकडच्या सीटवर नॅशनल सेफ्टी मार्कचं स्टिकर लागते. आमच्या नणंदेनं महागाची सीट नेली होती, ती शेवटी पडून राहिली. कॅनडात गेल्याबरोबर पहिलं दुकान सीटचं.

वावरवाला:
हे कोणीच नव्हतं सांगितलं. धन्यवाद ताई. अन भाऊचा मेसेज आला, गाडीवर बँकेचं लोन आहे. थोडंच बाकी आहे म्हणते.

थंडीतला_वऱ्हाडी:
थोडं असो की जास्त, लोन असेल तर बँकेचं पत्र लागतं, त्यांच्या लेटरहेडवर, गाडी देशाबाहेर न्यायला हरकत नाही असं लिहिलेलं. बऱ्याच बँका देत नाहीत किंवा आठवडे लावतात. खरंच थोडं बाकी असेल तर फेडून टाकायचं, पण मग टायटल हातात यायला वेळ लागतो. हे कालच विचारायला हवं होतं भाऊ. सोमवारही आता कठीण दिसतो.

बीएच_सिरीज_झिंदाबाद:
बँकेले सांगायचंच कशाले, गाडी चालवत जायची अन नंतर हप्ते ऑनलाइन भरायचे.

पांढरकवडा_पॅसेंजर:
आता कोण ऐकीव सांगून रायलं? कागद दिल्याशिवाय एक्स्पोर्ट होत नाही म्हणून तो माणूस वरतून लिहून रायला, अन तुम्ही वेगळंच.

थंडीतला_वऱ्हाडी:
असं करू नका. सोपा मार्ग हा: बाकीचं कुटुंब अन ट्रक ठरल्या दिवशी जाऊ द्या, सेटलर म्हणून सगळं सामान त्याच वेळी लिहून द्या, आणि गाडी "मागून येणार" म्हणून यादीत टाका. गाडी मित्राच्या अंगणात ठेवून टायटल आल्यावर न्यायची. त्यासाठी कॅनडाचा फॉर्म बीएसएफ १८६ आहे, जुनं नाव बी४. दोन याद्या करायच्या, एक सोबत असलेल्या सामानाची, दुसरी नंतर येणाऱ्याची. दोन्हींच्या दोन-दोन कॉप्या. वस्तू, अंदाजे किंमत, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर असेल तर तो. "किचन" म्हणून एक ओळ नाही चालत, पण एकेक चमचा पण मोजायची गरज नाही. "स्टीलची भांडी, वापरलेली, एक खोकं" एवढं पुरतं.

वावरवाला:
मागून येणारं सामान इकडून पण टाकता येते का? आईनं त्याच्यासाठी पाण्याचा पितळेचा गुंड, तांब्याचं घंगाळ अन एक नवीन स्टीलचा डबा काढून ठेवला. पुढच्या वर्षी कोणी जाईल तवा पाठवू म्हणते.

थंडीतला_वऱ्हाडी:
भांडी कोणाची? त्याची स्वतःची आणि त्याने वापरलेली असली पाहिजेत, आणि पहिल्या एंट्रीच्या वेळी यादीत असली पाहिजेत. नंतर आठवलं म्हणून टाकता येत नाही.

वावरवाला:
गुंड अन घंगाळ त्याच्याच लग्नातले आहेत, दोघायचं नाव अन तारीख कोरलेली आहे तोंडाजवळ. लग्नानंतर सहा महिने इथंच होते तेव्हा वापरले.

थंडीतला_वऱ्हाडी:
मग मस्त. नाव कोरलेला फोटो काढून पाठवा, यादीत टाका. डबा आईने नवीन घेतलेला, तो नाही टाकायचा, तो नंतर साधी भेट म्हणून पाठवा.

मोहाचं_झाड:
गुंड विमानात न्यायले वजन किती होईल ते पण पाहा बाप्पा.

संत्राबर्फी:
सगळे पोट्टे तिकडं, अन गुंड धुवाले इकडं आई एकटी. आमच्या गावात बगीचे ठेक्यानं देऊन रायले लोक कारण पाहाले कोणी नाही. यावर्षी संत्र्याच्या आंबिया बहाराचा भाव पाहिला का कोणी?

वावरवाला:
तो विषय वेगळा आहे दादा, सोन्याचं कोणी सांगितलं नाही अजून.

नागपुरी_तर्री:
अंगावर घालून जायचं. अंगावरच्या सोन्याले कोणी विचारत नाही.

थंडीतला_वऱ्हाडी:
विचारतात. आणि न सांगितलेलं सापडलं तर जप्त होऊ शकतं. सांगितलं तर वापरातल्या दागिन्यांवर सेटलरला काही लागत नाही, मग लपवायचं कशाला? सोनाराकडून किमतीचं पत्र घ्या, प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, पत्रातलंच वर्णन यादीत जसंच्या तसं लिहा. मंगळसूत्र पण टाका. पुढे भारतात लग्नाला येऊन परत जाताना हीच यादी कामी येते, नवीन घेतलं का म्हणून कोणी हुज्जत घालत नाही. रोख रक्कम, चेक वगैरे मिळून १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त असतील तर तेही सांगायचं, टॅक्स म्हणून नाही, फक्त सांगायचं.

प्रवासी_पाखरू:
भावाने इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं का? आपल्या आरटीओतून मिळतं, एक वर्ष चालतं, फॉर्म ४ए. पासपोर्ट आणि व्हिसाच्या कॉप्या लागतात.

वावरवाला:
त्याच्याजवळ मिशिगनचं लायसन आहे.

प्रवासी_पाखरू:
तरी काढून ठेवावं.

थंडीतला_वऱ्हाडी:
काढू नका. ऑन्टारिओत राहायला आल्यावर ६० दिवसांत तिथलं लायसन बदलून घ्यायचं असतं, आणि गाडीचं रजिस्ट्रेशन ३० दिवसांत. अमेरिकन इन्शुरन्सवाल्याला निघण्याआधी फोन करून कॅनडात किती दिवस कव्हर चालेल ते लेखी घ्या.

वावरवाला:
भाऊचा फोन झाला. लोन फेडून रायला आजच, गाडी मित्राच्या ड्राइववेवर ठेवणार. ट्रक घेऊन रविवारीच जातो म्हणते. एकच विचारतो: पीआरच्या कागदावर वैधतेची तारीख आहे, ती पुढच्या महिन्याची आहे, तर गाडी आणायले उशीर झाला तर?

थंडीतला_वऱ्हाडी:
ती तारीख माणसांची आहे. त्याच्या आत तिघेही एकदा लँड झाले की झालं, गाडी नंतर येऊ शकते. फक्त रविवारी कस्टम्सच्या काउंटरवरून बीएसएफ १८६ वर शिक्का मारून त्याची कॉपी हातात घेतल्याशिवाय हलू नका म्हणा. रांग लांब दिसली की लोक "नंतर करू" म्हणून निघतात. यादीत गाडीचा व्हीआयएन म्हणजे चेसिस नंबर लिहायला सांगा, नुसतं "कार" नको. अन ७२ तास, आयटीएन हे सगळं गाडी आणायच्या वेळी तसंच लागणार, ते काही सुटत नाही.

वावरवाला:
बरं. लिहून पाठवलं त्याले. सोनाराकडं उद्या त्याची बायको जाते म्हणते तिकडंच.

मोहाचं_झाड:
सोनाराचं पत्र इंग्रजीत घ्या म्हणाव, अन पोट्टीच्या कानातले विसरू नका.