सिम्पसन्सचा मॅगीच्या जन्माचा एपिसोड: होमर शेवटी हरला का?

तर्रीपोहा_नागपूर:
दादासोबत 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा 'अँड मॅगी मेक्स थ्री' हा एपिसोड परत पाहिला अन् तेव्हापासून घरात आमचं वाजून राहिलं आहे, म्हणून इथे विचारतो. सीझन ६ चा आहे, २२ जानेवारी १९९५ ला आला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. बार्ट अन् लिसा ही मोठी पोरं विचारतात की घरच्या अल्बममध्ये धाकट्या मॅगीचा एकही फोटो काहून नाही, मग त्यांचा बाप होमर जुनी गोष्ट सांगतो. सगळं कर्ज फिटलेलं असते, तो अणुवीज केंद्रातली नोकरी सोडतो, जाताना मालक बर्न्सच्या टकलावर तबला वाजवल्यासारखा बोंगो वाजवून घेतो, अन् बोलिंग अ‍ॅलीत कामाला लागतो जे त्याचं स्वप्न असते, पगार कमी पण भागते. तेवढ्यात त्याच्या बायकोला, मार्जला, तिसऱ्यांदा दिवस जातात. पगारवाढ मिळावी म्हणून धंदा वाढवायला जातो, अ‍ॅलीबाहेर उभं राहून बंदुकीचे बार काढतो, त्यानं काय होणार, शेवटी त्याच केंद्रात परत, तेही याचकांसाठी ठेवलेल्या बुटक्या दारातून रांगत. बर्न्स त्याच्यासमोर एक पाटी ठोकतो, डोन्ट फरगेट, यू आर हिअर फॉरेव्हर, म्हणजे विसरू नको, तू आता कायमचा इथंच. अन् एकदम शेवटी दिसते की मॅगीचे सगळे फोटो त्या पाटीवर लावले आहेत अन् उरलेली अक्षरं वाचली की होते डू इट फॉर हर, म्हणजे तिच्यासाठी कर.

दादा म्हणते हा हरलेल्या माणसाचा एपिसोड आहे, फोटो चिकटवून नोकरी बदलत नाही. मला तसं बिलकुल वाटत नाही पण नीट सांगता येऊन नाही राहिलं. तुम्हाला काय वाटते?

धरमपेठ_एक्सप्रेस:
भाऊ, आधी त्या पाटीकडे नीट पाहा. मूळ वाक्यात आय हे अक्षरच नाही! डोन्ट मधल्या एन वर फोटो असा लावला आहे की त्याची एकच उभी दांडी दिसते अन् ती आय म्हणून वाचली जाते, फॉरगेटचं फक्त फॉर उरते, हिअरचा शेवटचा ई झाकला की हर. म्हणजे होमरनं तिथं बसून, कोणता फोटो कुठं बसते ते लावून पाहून पाहून केलं असेल न हे, अन् हा तोच माणूस आहे ज्याला दुसरं कोणतंच काम धड करताना आपण पाहिलं नाही. जेनिफर क्रिटेंडननं लिहिलेला एपिसोड आहे, माझ्या मते पूर्ण मालिकेत एवढा बांधीव शेवट फार थोड्यांचा आहे, कारण अल्बमचा प्रश्न पहिल्याच मिनिटात विचारून ठेवला अन् मधल्या गडबडीत आपण तो विसरून जातो.

दादाचं अर्धं बरोबर आहे. फोटोखाली जुनं वाक्य तसंच्या तसं आहे, ते कुठं गेलं नाही. पण बर्न्सनं ती पाटी उरलीसुरली हिंमत मोडायला लावली होती, अन् आता तीच पाटी पाहून हा माणूस रोज कामाला बसते. यात हरला कोण ते तुम्हीच सांगा.

फुटाळा_ताई:
सगळे होमरचंच बोलून राहिले, मार्जचं कोणी बोलतच नाही. तिनं दिवस गेल्याचं नवऱ्यापासून लपवून ठेवलं, का तर तो त्या नोकरीत इतका खूश होता. फक्त बहिणींना सांगितलं अन् त्या दोघींनी फोनबुक घेऊन अख्ख्या गावाला फोन केले. ती घाबरलेली असते, एकटी असते, तरी त्याचा आनंद जितके दिवस टिकते तितके दिवस टिकू देते. मला तर एपिसोडचं खरं मन तिथं दिसते.

अन् दादाला म्हणावं सीझन ३ मधला 'आय मॅरीड मार्ज' पाहा, १९९१ चा. बार्टच्या वेळी होमर याच केंद्रात नोकरी मागायला गेला होता अन् बर्न्सला सांगतो की मला वाटेल तसं वागवा, मी सहन करीन. तेव्हा पहिल्या पोरासाठी, आता तिसऱ्या पोरीसाठी. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी त्याला माहीत आहे तिथं काय भोगावं लागते, अन् तरी जाते.

शिफ्टवाला_कोराडी:
मी औष्णिक केंद्रात आहे, कोळशाचं, अणूचं नाही, पण पॅनलसमोर बसणं काय असते ते मला माहीत आहे. रात्रपाळीत तीन-चारच्या सुमारास सगळे रीडिंग ठीक असतात, काही घडत नाही, अन् तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. तेव्हा समोर काय लावलं आहे याचा फरक पडते हो, खूप पडते. आमच्यातल्या प्रत्येकाच्या लॉकरच्या दारात आतून पोरांचे फोटो आहेत, कोणी कोणाला विचारत नाही.

दादाचा मुद्दा मी हसण्यावारी नाही नेणार. आवडीचं काम सोडावं लागणं ही दुःखाची गोष्टच आहे अन् एपिसोड ते लपवत नाही, अ‍ॅली सोडताना होमर खरोखर दुःखी आहे. मॅगी होईपर्यंत त्याला त्या बाळाबद्दल काही उत्साहही नसते, ती त्याचा अंगठा धरते तेव्हा सगळं फिरते. आधी नोकरीवर गेला, प्रेम नंतर आलं, हा क्रम मला फार खरा वाटते. बऱ्याच बापांचं असंच असते, बोलत नाहीत एवढंच.

ऑरेंजसिटी_लिसा:
एक राहून गेलं बाप्पा! सीझन ४ चा 'लिसाज फर्स्ट वर्ड', डिसेंबर १९९२. त्यात शेवटी मॅगी आयुष्यातला पहिला शब्द बोलते, डॅडी, अन् ऐकायला खोलीत कोणीच नसते, होमर दार लावून गेलेला असते. त्या एका शब्दासाठी एलिझाबेथ टेलरचा आवाज घेतला होता. हे डोक्यात ठेवून मग पाटीचा सीन पाहा, पोरगी बोललेली याच्यापर्यंत पोचलीच नाही अन् हा तिकडे तिच्यासाठी बसला आहे.

तर्रीपोहा_नागपूर:
ताई, शिफ्टवाले भाऊ, सगळ्यांचं दादाला वाचून दाखवलं. एन वाली गोष्ट ऐकून त्यानं पॉज करून करून पाटी पाहिली. हरला हा शब्द मागे घेतो म्हणते पण दुःखाचा एपिसोड आहे यावर अजून अडून आहे, अन् क्रमाचं ऐकल्यावर मलाही त्यात दम वाटून राहिला. आज जेवण झाल्यावर 'आय मॅरीड मार्ज' लावतो, मग 'लिसाज फर्स्ट वर्ड', अन् मग हाच परत. वहिनीही बसते म्हणाली.