शाळेच्या कपाटातलं ‘नको ते’ पुस्तक : तुमच्या गावचा अनुभव सांगा

आमच्या गावात सध्या एक मागणी जोर धरते आहे. शाळेतली ‘वादग्रस्त’ पुस्तकं पालकांनी आधी तपासायची आणि एकाही पालकाची हरकत आली तर ते पुस्तक कपाटातून काढायचं. मी पालक आहे, शाळा व्यवस्थापन समितीतही आहे. माझ्या लेकरानं काय वाचावं हे विचारायचा हक्क मला आहेच. पण माझ्या हरकतीपायी शेजारच्या लेकराच्या हातचं पुस्तक जावं, हे मला अजिबात पटत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं हवीत. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे बोलायची जागा आपल्याला आहे. तिथे काय ठरवावं, यासाठी तुमचे अनुभव हवेत. शाळेचं, माणसांचं नाव नको. काय झालं ते लिहा.

शिक्षिका, यवतमाळ जिल्हा
आमच्याकडे वाद झाला मासिक पाळीवरच्या एका सचित्र पुस्तकावरून. सातवीतल्या मुलीनं ते घरी नेलं, दुसऱ्या दिवशी वडील आणि काका दोघंही शाळेत हजर. “बाई, पोरीले आतापासूनच हे काहून शिकवता?” २००७ मध्ये आपल्या राज्यात लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रमच विरोधामुळे थांबवला गेला होता. तो काळ मुख्याध्यापकांनी पाहिलेला, त्यामुळे ते पुस्तक काढायला तयारच होते. मी म्हटलं, समितीपुढे ठेवू.

बैठकीत आधी पुरुष बोलले. मग मागे बसलेली एक आई उठली. निंदणावरून तशीच आली होती, हाताला माती. म्हणाली, “मले कोनं सांगतलं नोतं. वावरात होतो, परकराले रक्त लागलं तं वाटलं आता मी मरतो. माया पोरीवर अशी पाळी नाई आली पाह्यजे.” त्यानंतर कुणी पुस्तक काढायचं नाव घेतलं नाही. ठरलं असं, की पाचवीपासून पुढच्या मुलींना द्यायचं आणि कुणा आईला आधी पाहायचं असेल तर तिनं घरी न्यावं. सुरुवातीला मुलींपेक्षा आयांनीच ते जास्त नेलं. मुलांनाही ते द्यायला हवं असं माझं मत आहे, त्यावर अजून एकमत नाही.

एक आई, अमरावती जिल्हा
माझे मालक शेतीच्या कर्जापायी गेले. मुलगा तेव्हा दुसरीत होता, आता आठवीत आहे. शाळेत एका शेतकऱ्याच्या आत्महत्येची गोष्ट असलेलं पुस्तक आलं. काही पालक म्हणाले, पोराईच्या डोक्यात हे भरू नका. गुरुजींनी मला फोन केला, “ताई, तुम्ही सांगाल तसं करू.” मी म्हटलं, आधी मला द्या.

रात्री वाचलं. गोष्टीतल्या घरात बाप गेल्यावर त्याचं नावच कुणी काढत नाही. आमच्या घरी तेच चालू होतं. दुसऱ्या दिवशी मुलाला जवळ बसवून वाचून दाखवलं. मधेच त्यानं विचारलं, “बाबा गेले तेव्हा मी कुठं होतो?” इतक्या वर्षांत त्यानं हे विचारलं नव्हतं. तो तान्ह्या पोळ्यासाठी मामाच्या गावी गेला होता, लाकडी बैल घेऊन. सगळं सांगितलं. तोही बोलला, खूप वेळ.

ज्या घरात असं काही घडलेलं नाही, त्यांनीच ‘नको’ म्हणावं याचं मला वाईट वाटलं. पण असं पुस्तक लेकरानं पहिल्यांदा एकट्यानं वाचू नये, हेही मला वाटते. गुरुजींना तेवढंच सांगितलं, की द्या, पण घरी आधी कळवा.

निवृत्त ग्रंथपाल, वर्धा जिल्हा
बाबासाहेब आंबेडकरांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड राज्य सरकारनं १९८७ मध्ये काढला. त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून केवढं वादळ उठलं होतं! दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले. शेवटी सरकारनं या मतांशी आपण सहमत नसल्याची टीप घातली, मजकूर मात्र राहिला. आमच्या वाचनालयातही ‘हा खंड पोरांना देऊ नका’ म्हणणारे येऊन गेले. मी म्हणायचो, इथं बसून वाचा आणि कुठलं पान खटकलं ते दाखवा. पुष्कळांनी पुस्तक उघडलेलंच नसायचं.

बी.ए.ची विद्यार्थिनी, वाशीम जिल्हा
मी दहावीत असताना शाळेतून एक कादंबरी आणली, आंतरजातीय लग्नाची. भावानं पाहिली आणि ‘पोरींना कादंबऱ्या देऊ नका’ असं शाळेत सांगायला निघाला. आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, “थांब. आधी मले आयकू दे, काय लिवलं हाये त्याच्यात.” रोज संध्याकाळी ती तुरीच्या शेंगा सोलायची, मी वाचायचे. संपल्यावर तिनं विचारलं, “मंग त्या पोरीच्या मायचं काय झालं?” पुस्तकात ते नव्हतंच. भावाला म्हणाली, “वाचू दे तिले.” तो शाळेत गेला नाही.

शिक्षक, गडचिरोली जिल्हा
आजी मोहफुलं वेचते, अशी साधी चित्रांची गोष्ट. बाहेरून बदलून आलेल्या एका पालकांची हरकत आली, की मोहाची तर दारू काढतात, मग १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात हे कशाला? आमची मुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे घरच्यांसोबत मोह वेचायला जातात, वाळवून ठेवलेली फुलं खातात. मुलांनीच त्या पालकांना ते सांगितलं. पुस्तक राहिलं.

वडील, बुलढाणा जिल्हा
मुलगी तिसरीत असताना भुतांचं एक पुस्तक वाचून रात्री दचकून उठायची. मी बाईंना चिठ्ठी दिली की हे तिला सध्या नको. पुस्तक काढा असं म्हटलं नाही, कारण तिच्याच वर्गातली मुलं ते आवडीनं वाचत होती. बाईंनी देवघेव वहीत तिच्या नावापुढे नोंद केली. पाचवीत तिनं स्वतः मागितलं, तेव्हा मीच हो म्हटलं.

तुमच्या समितीला ठराव करायचा असेल तर एवढं घाला: हरकत लेखी असावी, पुस्तकाचं नाव आणि कारण लिहावं, ती फक्त आपल्या पाल्यापुरती धरावी. आणि मुदत ठेवा. जूनअखेर शाळा उघडली की जुनी नोंद रद्द, पालकाला हवी तर त्यानं पुन्हा लिहून द्यावी. नाहीतर तिसरीतली नोंद दहावीपर्यंत तशीच राहते.