लो अँगल (खालून वर बघणारा कॅमेरा) लावला की बाई ताकदवान होते?

तिसरी_रांग (धागाकर्ती):
नायिकेची एन्ट्री. आधी बूट दिसतात, मग कॅमेरा खालून वर चढतो, केस उडतात, मागे धूर, सगळं स्लो मोशनमध्ये. थिएटरात शिट्ट्या. मला मात्र दर वेळी वाटतं, ही चाल हीरोचीच आहे, फक्त चालणारी बदललीय. वर चढताना कॅमेरा कमरेशी जरा रेंगाळतो, ते वेगळंच. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्हीने १९७५ च्या निबंधात हेच म्हटलं होतं: पडद्यावर पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते. आता तिच्या हातात बंदूक आली, पण बघणारा कुठे हलला? याउलट 'उंबरठा' (१९८२). सुलभा नोकरीसाठी घर सोडते. ना धूर, ना बंदूक. तरी तिच्याइतकी स्वतंत्र बाई मला पडद्यावर क्वचितच दिसली.

चाबूक:
असहमत. सुलभा थोर आहे, मान्य. पण दहा वर्षांच्या मुलीला 'उंबरठा' दाखवून बघा, झोपेल! तिला चित्र लागतं. १९३५ च्या 'हंटरवाली'त नाडिया चाबूक घेऊन गुंडांना बडवत होती, तेही स्वतः स्टंट करून. त्या काळी बाई असं करू शकते हे नुसतं दिसणं ही केवढी मोठी गोष्ट! आणि पुरुषाने ऐटीत चालायचं ते स्वाभाविक, बाईने चाललं की नक्कल, हा कुठला न्याय? ऐट कुणाच्या बापाची नाही.

तिसरी_रांग:
ऐटीला हरकत नाहीच. ऐटीनंतर पटकथा तिला काय करू देते, ते बघा. पहिल्या अर्ध्या तासात दहा जणांना लोळवणारी बाई क्लायमॅक्सला खुर्चीला बांधलेली सापडते आणि सोडवायला कोण येतं, हे सांगायला नको.

चाबूक:
हा दोष पटकथेचा. कॅमेऱ्याला का शिव्या?

मधलं_पान:
दोघांनी 'सैराट' (२०१६) आठवा. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, सगळे 'काय पोरगी आहे' म्हणाले. पण तो तोरा पाटलाच्या घरचा आहे. बापाचा पैसा, बापाची जात, बापाची दहशत. घर सुटल्यावर ती रडते, घाबरते, परत जावंसं वाटतं तिला. मग बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला लागते. माझ्या मते ती स्वतंत्र होते ती तिथे, आणि त्या दृश्यांवर कुणी शिट्टी मारली नाही. पोस्टरवर बुलेटच लक्षात राहते.

चाबूक:
हे पटलं. पण बुलेट नसती तर कारखान्यातली आर्ची एवढी टोचली असती का? आधीचं चित्र डोक्यात असतं म्हणूनच टोचते ना. म्हणजे चित्राने काम केलंच.

तिसरी_रांग:
हं. हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरी कमरेशी रेंगाळणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही.

चाबूक:
त्याची बाजू घेतच नाहीये. तो कापा. बूट राहू द्या.