प्रतिसाद: अद्वैतात अवतार ‘खोटा’ ठरतो का?

वर एकाने लिहिलंय की अद्वैत (ब्रह्म हेच एक सत्य) मांडणाऱ्या शंकराचार्यांच्या मते जगच मिथ्या, तेव्हा अवतारही खोटाच. इतकं सरळ नाही ते. गीताभाष्याच्या प्रस्तावनेत आचार्य म्हणतात, भगवान स्वमायेने ‘देहवान इव, जात इव’, म्हणजे जणू देह असलेले, जणू जन्मलेले दिसतात. खरी मेख त्या ‘इव’मध्ये (‘जणू’मध्ये) आहे. जन्म भासमान, पण लोकानुग्रह, म्हणजे लोकांवर कृपा, हे प्रयोजन ते नाकारत नाहीत. गीतेच्या चौथ्या अध्यायातला ‘अजोऽपि सन्’ (अजन्मा असूनही) हा श्लोकही ते तसाच लावतात.

विशिष्टाद्वैत मांडणाऱ्या रामानुजाचार्यांना हा ‘इव’ पटत नाही. त्यांच्या मते अवताराचा देह खराच, फक्त प्रकृतीचा नाही आणि कर्माने मिळालेला तर नाहीच. द्वैतवादी मध्वाचार्यांच्या मते मूळ रूप आणि अवतार यांत भेद मानणंच चूक, प्रत्येक अवतार पूर्ण. सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांत तर जगत्कर्ता ईश्वरच नाही, मग अवतार कुठून येणार?

श्रीवैष्णव, म्हणजे रामानुजांचे अनुयायी, पूजेच्या मूर्तीलाही देवाचा अवतार मानून अर्चावतार म्हणतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूरचा विठोबा दशावताराच्या रूढ यादीत नसला, तरी या चौकटीत सहज बसतो. (वारकरी अशी चौकट शोधत बसत नाहीत, ते वेगळं.)

आणि शैवांना विसरू नका, निदान सोलापुरात बसून तरी. शैवसिद्धान्त या दक्षिणेतल्या शैव परंपरेत शिव गर्भातून जन्म घेतच नाही, कृपा करायची तर गुरुरूपाने येतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आपण ज्यांचा जयजयकार करतो ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत. शिवशरणांच्या परंपरेत भर देव खाली उतरण्यापेक्षा माणूस शिवाशी एकरूप होण्यावर आहे. ‘सगळे हिंदू अवतार मानतात’ हे धाग्यातलं विधान म्हणूनच मला मान्य नाही.