बचत गटाचे ४६,५०० रुपये बँकेत भरले, पावतीवर शिक्काही आहे, पण खात्यात जमाच नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातली. आमच्या गावात बारा जणींचा बचत गट आहे आणि मी त्याची सचिव. गट उमेदचा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा आहे. आठ वर्षांत कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही. आता जे झालंय त्यानं गेले पाच दिवस मला नीट झोप नाही, म्हणून इथं लिहितेय.

दिवाळीच्या आधल्या सोमवारी मी आणि आमच्या अध्यक्ष काकू तालुक्याच्या शाखेत गेलो. पाचशेच्या ८१, दोनशेच्या १५ आणि शंभराच्या ३० नोटा, एकूण ४६,५०० रुपये. त्यात बँकेच्या कर्जाचा हप्ता होता, महिन्याची बचत होती. दोघींनी सोयाबीन मोंढ्यात घालून गटाचं अंतर्गत कर्ज एकरकमी फेडलं होतं, तेही होतं. आणि एकीनं ऊसतोडीला निघायच्या आधी उचलीतून चार महिन्यांचे हप्ते एकदम माझ्या हातावर ठेवले होते. "म्या परत येईस्तोवर कोण भरणार बाई, आत्ताच घेऊन टाक" म्हणाली. ती आता कारखान्यावर आहे. तिला अजून काही कळवलेलं नाही.

काउंटरवर काय झालं ते मला डोळ्यांसमोर दिसतं. पाचशेची एक नोट मधोमध चिरलेली होती. कॅशियरनी ती खिडकीतून परत सरकवली, मी माझ्या पर्समधली दुसरी दिली. त्यांनी पाचशेचं बंडल मशीनवर दोनदा फिरवलं, स्लिपवर शिक्का मारला, आमच्याकडचा अर्धा भाग फाडून दिला. मागं निराधारच्या पगारीची मोठी लाईन होती, म्हणून आम्ही लगेच बाजूला झालो. सही बघायची राहिली. शिक्का आणि तारीख स्पष्ट आहे, सही नाही.

अठरा दिवसांनी बैठकीच्या आधी पासबुक छापून आणलं तर ती नोंदच नाही. खात्यात पैसे नसल्यानं हप्ताही कटलेला नाही, कर्ज थकीत दाखवतंय. मेसेज जुन्या सचिवबाईंच्या नंबरवर जातात, त्या आता लेकाकडं पुण्याला राहतात. नंबर बदलायचा अर्ज मी दोनदा दिला होता.

शाखेत गेले. कॅशियर म्हणाले, "शिक्का काय, काउंटरवर पडलेला असतो, कुणीही मारील." साहेब म्हणाले, "त्या दिवशीची कॅश टॅली आहे, एक रुपया जास्त निघाला नाही. मग तुमचे पैसे आम्ही घेतले कसे म्हणायचे?" याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

गटात माझ्या तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण मी गेले की बोलणं थांबतं. काकू सोबत होत्या म्हणून निभावलं. घरचे म्हणतात सोनं मोडून भरून टाक. पण मी पैसे भरले आहेत! मी पुन्हा भरले तर त्याचा अर्थ काय होईल?

पुढं काय करू? पोलिसांत जाऊ का? सही नसलेली पावती चालते का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद – निवृत्त कॅशियर, नांदेड

ताई, आधी एक गोष्ट. स्वतःचे पैसे भरू नका. भरलेत तर उद्या बँकच म्हणेल की चूक तुमची होती म्हणून तुम्ही भरले.

मी तीस वर्षं त्याच खिडकीच्या आत बसलोय. "कॅश टॅली आहे" हे उत्तर तुमच्या विरोधात नाही, उलट त्यातूनच वाट निघते. पैसे घेतले आणि नोंद करायची राहिली, तर संध्याकाळी तिजोरीत ४६,५०० जास्त निघतात. ते वेगळ्या खात्यात जास्तीची रोकड म्हणून दाखवावे लागतात. जास्त निघाले नाहीत याचे दोनच अर्थ. एक तर पैसे कुणीतरी उचलले, नाहीतर नोंद झाली पण दुसऱ्याच्या खात्यात झाली. माझ्या नोकरीत पहिला प्रकार फार क्वचित पाहिला. दुसरा मात्र गर्दीच्या दिवशी होतोच.

आता मुद्द्याचं. स्लिपचा अर्धा भाग तुमच्याकडं आहे, दुसरा अर्धा कुठं आहे? तो बँकेच्या त्या दिवसाच्या व्हाउचरच्या गठ्ठ्यात असायला हवा. त्यावर तुमच्याच अक्षरात नोटांचा तपशील आहे, ८१, १५, ३०. नोंद झाली असेल तर त्यावर व्यवहार क्रमांकही लिहिलेला असेल. तो अर्धा भाग गठ्ठ्यात सापडला की पैसे घेतलेच नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही, मग तुमच्या भागावर सही असो वा नसो.

म्हणून तोंडी बोलणं बंद करा. शाखा व्यवस्थापकांच्या नावानं अर्ज द्या. त्या दिवसाचे रोख भरण्याचे व्हाउचर तपासावेत, ४६,५०० ची रोख जमा आणखी कुठल्या खात्यात आहे का ते पाहावं, आणि काउंटरवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं, अशा तीन मागण्या लिहा. चित्रण कायम राहत नाही, जुन्यावर नवं चढत जातं, म्हणून ही मागणी आजच्या आज लेखी गेली पाहिजे. चिरलेली नोट परत दिली आणि तुम्ही बदलून दिली हे वेळेसकट लिहा. कॅमेऱ्यात तेवढं दिसलं तरी पुरे.

दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. त्या शिक्क्याची शाई फिकी पडते, आजच फोटो काढून ठेवा.

प्रतिसाद – बीड

सरळ गुन्हा दाखल करा. गरिबाचे पैसे खातात आणि वर शिक्का तुम्हीच मारला म्हणतात.

प्रतिसाद – निवृत्त कॅशियर, नांदेड

दादा, तुमचा राग समजतो. पण पैसे चुकून दुसऱ्या खात्यात गेले असतील तर गुन्हा कुणावर नोंदवणार? आधी व्हाउचर बघू द्या. अपहार दिसला तर पोलीस आहेतच.

प्रतिसाद – लातूर

माझं प्रकरण पैसे भरायच्या मशीनचं होतं. मशीननं नोटा गिळल्या आणि स्लिप आलीच नाही. शाखेनं दोन महिने फिरवलं. शेवटी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं गेलो तेव्हा काम झालं. २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच लोकपाल योजना आहे. आधी बँकेकडं लेखी तक्रार करावी लागते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर टाकता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीला १४४४८ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात. पण बँकेला दिलेल्या अर्जाची पोच नसेल तर तिथं अडतं.

तेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग परभणीलाच आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं.

प्रतिसाद – बँक सखी, हिंगोली

ताई, तुमच्या गटाचं नाव काय ते इथं सांगू नका, पण एक बघा. त्याच नावाचा दुसरा गट त्या शाखेत आहे का? मी बँक सखी, म्हणजे शाखेत बचत गटांची कामं बघते. आमच्या शाखेत जिजाऊ नावाचे चार आणि रमाई नावाचे तीन गट आहेत. कॅशियरनी खाते क्रमांक न टाकता नावानं शोधलं की चुकीच्या ओळीवर बोट पडतं. मी दोनदा पकडलंय.

आणि गटाच्या बायांना आजच सगळं सांगा. पावती, पासबुक, अर्ज, सगळं बैठकीत मधे ठेवा आणि इतिवृत्तात लिहून सह्या घ्या. लपवलं की संशय वाढतो. ग्रामसंघाचा, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाचा ठराव अर्जाला जोडला तर साहेबही वेगळ्या नजरेनं बघतात.

धागाकर्ती

तुम्ही सगळ्यांनी इतकं सविस्तर लिहिलंत, फार आधार वाटला. काल बैठक घेतली. मी बोलताना रडले, ते थांबवता आलं नाही. काकूंनी चिरलेल्या नोटेचं सगळं सांगितलं. एक जण म्हणाली, "तू पैसे खाणारी असतीस तर पावती फाडून टाकली असतीस, दाखवत हिंडली नसतीस." अकरा जणींनी सही केली. बारावी कारखान्यावर.

आज आम्ही सात जणी शाखेत गेलो. अर्ज दिला, आवक शिक्का घेतला. हिंगोलीच्या ताई, तुमचा अंदाज खरा आहे. आमच्याच नावाचा एक गट शेजारच्या सर्कलमध्ये आहे, खातं त्याच शाखेत.

धागाकर्ती (चार दिवसांनी)

स्लिप सापडली. साहेबांनी गठ्ठा समोर सोडला. सुतळीत ओवलेली व्हाउचरं उलटत गेले आणि मधेच मला माझं अक्षर दिसलं. माझा ८ वरून उघडा असतो, लांबूनही ओळखू येतो. पाठीमागं निळ्या पेनानं व्यवहार क्रमांक होता. स्लिपवर खाते क्रमांक मी बरोबर लिहिला होता, एकही आकडा चुकलेला नाही. पैसे त्या दुसऱ्या गटाच्या खात्यात टाकलेत. कॅशियर काही बोलले नाहीत.

आता नवी अडचण. त्या गटाला वाटलं शासनाचा फिरता निधी आला, त्यांनी २०,००० काढून बायांना वाटले. साहेब म्हणतात, "आत्ता २६,५०० घ्या, बाकीचे त्या बायांनी भरले की देऊ." मी हो म्हणू का? त्याही आमच्यासारख्याच बाया आहेत, त्यांच्या दारात जाऊन भांडायची मला इच्छा नाही.

प्रतिसाद – निवृत्त कॅशियर, नांदेड

हो म्हणू नका, आणि त्यांच्या दारातही जाऊ नका. तुम्ही पैसे बँकेला दिलेत, त्या गटाला नाही. बँकेनं ते घेतल्याचं आता बँकेच्याच कागदावर आहे. म्हणजे तुमचे पूर्ण ४६,५०० बँक देणं लागते. चुकून गेलेली रक्कम त्या गटाकडून परत घ्यायचा अधिकार बँकेला आहे, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ त्यासाठीच आहे. ती वसुली बँकेनं करायची आणि तोवर तुम्हाला थांबवायचं नाही.

पुढच्या अर्जात तारखेचं न विसरता लिहा. जमा आजच्या तारखेनं नको, भरणा केला त्या तारखेपासून धरली पाहिजे. तरच हप्ता वेळेत आल्याचं दिसेल, थकबाकीचा शेरा आणि त्यावरचं व्याज निघेल. वेळेवर फेडणाऱ्या गटांना व्याजाची सवलत असते, ती या कारणानं जाऊ देऊ नका. साहेब तयार नसतील तर विभागीय कार्यालयाला तोच अर्ज पाठवा, खाली लिहा की लोकपालाकडं जाण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

प्रतिसाद – बँक सखी, हिंगोली

त्या दुसऱ्या गटाशी त्यांच्या बँक सखीमार्फत बोलणं करून द्या. साहेबांनी एकदम खातं गोठवलं तर त्यांचाही हप्ता अडकेल. त्यांनी जाणूनबुजून केलेलं नाही.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी)

पूर्ण ४६,५०० जमा झाले, आमच्या भरण्याच्या तारखेपासून. पासबुक छापून घेतलं, हप्ताही कटला. थकबाकीवर लागलेलं व्याज अजून परत आलेलं नाही, त्याचा अर्ज कालच दिला आणि पोच घेतली. दुसऱ्या गटाला बँकेनं तीन हप्त्यांत परतफेड करायला सांगितलंय, त्यांच्या सचिवबाई स्वतः मला भेटायला आल्या होत्या. मोबाईल नंबरही बदलला, या वेळी माझ्यासमोर.

कारखान्यावरच्या आमच्या बाईला संध्याकाळी फोन लागला. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तिनं पहिलं हेच विचारलं, "माझे हप्ते गेले का गं बँकेत?" मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

व्याजाचं उत्तर आलं की इथं लिहीन.