भिंतीत बसवलेलं फर्निचर केलंय का? अनुभव लिहा

पुढच्या महिन्यात आमच्याकडे काम सुरू होतंय. सुतारदादा म्हणतात सगळं भिंतीत फिट करू, जागा वाचेल आणि घर एकसंध दिसेल. नवरा म्हणतो सुटं घे, उद्या घर बदललं तर नेता येईल. फोटोत छान दिसतं ते मलाही दिसतंय, पण चार-पाच वर्षं वापरून काय होतं ते लिहा, फसलेलं आधी लिहा प्लीज.

---

फसलेलंच लिहिते. बेडरूम लहान म्हणून कपाटाची खोली २० इंच ठेवली, वर सरकती दारं. आता हँगरलाच १७-१८ इंच लागतात, त्यात दारांच्या दोन ट्रॅकनी ३ इंच खाल्ले, म्हणजे रोज सकाळी कुणाची ना कुणाची बाही दारात. आतून २२ तरी हवी होती, दारं धरून २६ धरा. जागा नसेल तर सरळ बिजागऱ्यांची दारं करा, किंवा कपडे समोर तोंड करून लटकतील असा बाहेर ओढायचा रॉड मिळतो तो लावा, आम्ही शेवटी तोच लावला. बाकी छतापर्यंत नेलं हे मात्र बेस्ट, कपाटावर धूळ आणि बॅगा हा प्रकारच संपला.

---

बाहेरच्या भिंतीला कपाट करताय का? करत असाल तर आधी ओल बघा!! आमच्याकडे दुसऱ्याच पावसाळ्यात मागची प्लाय काळी पडली, चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी. सगळं उचकटून भिंतीचं वॉटरप्रूफिंग केलं, मग मागे इंचभर फट सोडून परत बसवलं.

---

खिडकीतली बैठक हे माझं स्वप्न होतं. सुताराला सांगितलं १८ इंच उंच कर, त्याने बिचाऱ्याने केली १८, आणि वर मी ४ इंचाची गादी टाकली. सासूबाई बसल्या की पाय लोंबतात, म्हणतात मी काय शाळेतली मुलगी आहे का 😄 दुसरी चूक म्हणजे खाली झाकणाची पेटी केली. प्रत्येक वेळी गादी उचला, त्यावर बसलेल्याला उठवा, मग झाकण उघडा, एवढं कोण करतंय, आत टाकलेली वस्तू कायमची गेली. दोन वर्षांनी पुढून ड्रॉवर करून घेतले. आता ती घरातली सगळ्यात वापरातली जागा आहे, आणि दिसते पण सुरेख.

---

पुस्तकवाल्यांसाठी: १८ एमएम प्लायची फळी ४ फूट सलग ठेवली की पुस्तकांच्या वजनाने मधे वाकतेच, आमची वर्षभरात वाकली. अडीच फुटांवर उभी पट्टी हवी. खोली ११-१२ इंच भरपूर झाली, जास्त केलीत तर पुस्तकांच्या पुढे शोपीस, औषधं, चार्जर यांची दुसरी रांग लागते. आम्ही दाराच्या दोन्ही बाजूंनी आणि वरून असं कमानीसारखं शेल्फ केलंय, मागची भिंत गडद हिरवी रंगवली, येणारा प्रत्येक जण त्याबद्दल विचारतो. भिंती कधीच ओळंब्यात नसतात हे मात्र तेव्हा कळलं, वर आणि खाली अर्ध्या इंचाचा फरक निघाला, कडेला पट्टी मारून झाकला.

---

टीव्ही युनिट टीव्हीच्या मापाचं करू नका. आमचा कोनाडा ४३ इंचीसाठी अगदी चपखल होता, म्हणजे रुंदी साधारण ३८. मग ५५ इंची आला, त्याला ४८ लागतात. टीव्ही आता समोरच्या भिंतीवर आहे आणि कोनाड्यात कुंडी.

---

जिन्याखाली ट्रॉल्या केल्या, एकदम मस्त. फक्त मागे पाण्याचा व्हॉल्व्ह होता तो झाकला गेला, पाइप गळायला लागल्यावर ट्रॉल्यांमागची फळी कापावी लागली. प्लग, व्हॉल्व्ह, डीबी (विजेची मुख्य पेटी) जे काही असेल तिथे स्क्रूने उघडणारी झडप ठेवा.

---

(धागाकर्ती) बापरे, बरं झालं विचारलं. कपाटं आणि पुस्तकांचं भिंतीत, टीव्हीचं आणि टेबल सुटं, असं ठरतंय सध्या, नवरा पण खूश. घरातले हँगर मोजले आत्ताच. माझे १७ निघाले, त्याच्या कोटाचा १९.